खोट कुठे आहे

कोयाइकेत मे महिना म्हणजे चुलींचा महिना.
पाचला अंधार, घराघरातून ओल्या लाकडाचा धूर,
आणि माझ्या टेबलावर एक हिमनदी,
उपग्रहानं वरून पाहिलेली, बत्तीस तुकड्यांत.
तिची कड मी गिरवत होते,
एकोणऐंशीच्या रेषेच्या किती मागे सरली ते मोजत.

मंगळवारी बर्फावर हिरवे ठिपके उगवले.
आधी चार-दोन, वाटाण्यासारखे,
मग रांगेनं, कुणी पेरत गेल्यासारखे.
मग एक अख्खा कडा बुद्धिबळाचा पट झाला
आणि पडदा काळा.
पंखा तेवढा ओरडत राहिला.

मी केबल बदलली.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, पुन्हा नवा घातला.
शेजारच्या पोराचा मॉनिटर उचलून आणला,
त्याच्यावरही वाटाणे.
जखम मांडीला, मलम शेंडीला,
असे तीन दिवस गेले.
शेवटी स्क्रीनशॉट काढून कचेरीतल्या संगणकावर उघडला.
ठिपके तिथेही, जागच्या जागी.
म्हणजे पडदा निर्दोष. दुखणं आत,
चित्र जिथे जन्माला येतं तिथे.

एवढं कळल्यावर बरं वाटलं, आणि मग वाटलं,
दिसेल ते सगळं आता पुसायचं.
पुसलंही. हिरवं, जांभळं, आडवे पट्टे,
वरच्या कपारीतला एक निळसर डाग,
सगळ्यांवर एकच शिक्का: कार्डाची खोट.

ओलेगार्यो मेंढ्या कातरायच्या यंत्रांच्या मोटारी बांधतो.
थंडीत कातरणी नसते, तेव्हा संगणक बघतो.
त्यानं झाकण उघडलं, बॅटरी धरली
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
पंख्याच्या पात्यांवर, पितळी पन्हाळ्यांवर
काजळी बसलेली, दाट, मऊ, काळी लोकर.
"दोन्या एदेल्मिरा, तुमचं कार्ड तुमच्या चुलीनं खाल्लं."

मी विचारलं, भट्टीत घालून जगवतात म्हणे?
तो म्हणाला, "जगवतात. पंधरा दिवस जगतं.
आणि रुदेसिंदा मला पावाच्या भट्टीत प्लास्टिक घालू देणार नाही."
मग रंगाच्या ब्रशनं, फुंकरीनं,
नखानं वाळका लेप खरवडून
(चुन्यासारखा भुगा पडला वर्तमानपत्रावर)
नवा लेप लावला, तांदळाएवढा, त्याहून जास्त नाही.
आपल्याच वजनानं कार्ड वाकलं होतं.
त्याखाली त्यानं कपड्याचा चिमटा उभा केला,
फळानं लवलेल्या फांदीला देतात तसा टेकू.
वेगही उतरवला. "हिला आता पळवू नका. चालू दे."
नवं कार्ड सांतियागोहून बोटीनं, मग ट्रकनं,
तीन आठवडे, माझा दीड पगार.
"आणि हे किती दिवस?"
त्यानं मातेचा घोट घेतला, नळी माझ्याकडे वळवली.
"मी मोटारी बांधतो, बाई. भविष्य नाही."

रात्री यंत्र सुरू केलं.
तापमान एकसष्टवर येऊन थांबलं.
बर्फ स्वच्छ. पट नाही, पट्टे नाहीत,
एकही वाटाणा नाही.
फक्त वरच्या कपारीत
तो निळसर डाग.

जवळ गेले, लांब गेले.
बंद केलं, दहा मिनिटं थांबले, परत लावलं.
तुकडा बदलला, मार्चमधला घेतला: आहे.
जानेवारीतला: आहे, जरा लहान.
गेल्या वर्षीचा: नुसता बर्फ.

रात्रीच फोन केला, एक उरलाय म्हणून.
तो हातातला पाना घेऊनच आला,
चिखलाचे बूट दारात काढले, वाकून पाहिलं,
बोटानं काचेवर हलकंच टिचकी मारली,
मेंढीच्या पोटावर मारतात तशी.
"हे माझ्याकडचं काम नाही," म्हणाला.

तो गेल्यावर मी पुसलेल्यांची यादी काढली.
दोनशे बारा नोंदी.
चुलीत लाकूड घालायला उठले, आणि नाही घातलं.
स्वेटरवर स्वेटर चढवून
पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली.